खुला तिने मागितला, की तिच्याकडून मागवून घेतला?

खुल्याबद्दलचा, म्हणजे बायकोने मागितलेल्या विच्छेदाबद्दलचा, हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भावाने विचारला आहे. तो थोडक्यात असा:

"बहिणीचं लग्न २०१४ साली झालं. मेव्हणे कुवेतला ड्रायव्हर होते. जून २०२० मध्ये नोकरी जाऊन परत आले, ते पुन्हा गेलेच नाहीत. घरात बसून आधी कटकट, मग मारझोड. तिचा मोबाइल काढून घेतला, तिच्या माहेरच्या सात तोळ्यांच्या पाटल्या-बांगड्या न विचारता गहाण टाकल्या. फेब्रुवारी २०२२ पासून ती मुलीला घेऊन आमच्याकडे आहे. तेव्हापासून एक रुपया आलेला नाही. मेहेर (लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) ७५ हजार, तोही उधार. जमात (मोहल्ल्याची पंचायत) म्हणते, नवरा राजी असेल तरच खुला होईल. नवरा म्हणतो, मी राजी आहे, पण मेहेर माफ कर, दागिन्यांचा विषय सोड आणि मुलीचा खर्च मागणार नाही असं लिहून दे. अब्बा म्हणतात, सही कर आणि मोकळी हो. त्याच्या संमतीशिवाय खुला होतो का? कोर्टात जावंच लागतं का? लॉकडाऊननंतर आमच्या मोहल्ल्यातली ही चौथी केस. मौलाना म्हणतात, हा सगळा मोबाइलचा आणि मुलींच्या शिकण्याचा परिणाम."

उत्तर:

सही करू देऊ नका. निदान या मजकुराखाली तरी नाही. बाकीचं सावकाश बोलू.

गेली बावीस वर्षं मी कौटुंबिक दावे चालवते. त्यात मुस्लिम बायकांची प्रकरणं जास्त, कारण मी स्वतः त्यातली आणि बायका बाईकडे येतात. तुमच्या मेव्हण्यांनी पुढे केलेला कागद मी न बघता सांगू शकते. स्टॅम्पपेपर पूर्वी शंभराचा असायचा, आता पाचशेचा झाला. मजकूर तोच राहिला. "मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, मेहेर, इद्दतचा खर्च, दागदागिने व मुलाबाळांचा खर्च माफ करून खुला घेत आहे." (इद्दत म्हणजे विच्छेदानंतर दुसऱ्या निकाहाआधी बाईने थांबायचा काळ.) नावाची आणि तारखेची जागा मोकळी. एकदा एक मुलगी असा कागद घेऊन माझ्याकडे आली. 'राजीखुशीने' या शब्दाखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली होती. ते खरं की खोटं, हे तिला विचारायचं नव्हतं. तिला एवढंच कळत नव्हतं, की खुशी तिची आहे तर पैसे नवऱ्याचे का वाचताहेत.

तिचा प्रश्न बिनतोड होता. खुला म्हणजे बायकोने मागितलेला विच्छेद, आणि त्याच्या बदल्यात ती काहीतरी सोडते, बहुतेक वेळा मेहेर. याचा आधार सूरह बकराच्या २२९ व्या आयतीत आहे. साबित बिन कैस यांच्या पत्नीची हकिकत सगळे मौलाना सांगतात. ती पैगंबरांकडे आली आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या धर्मात किंवा स्वभावात मी खोट काढत नाही, पण मला त्याच्यासोबत राहणं जमणार नाही. मेहेरमध्ये मिळालेली बाग परत करशील का, असं तिला विचारलं गेलं. ती हो म्हणाली आणि तिची सुटका झाली. यातलं "मी खोट काढत नाही" हे वाक्य नीट ऐका. नवऱ्याचा दोष नसताना बाईला निघायचं असेल, तर ती मेहेर परत करते. व्यवहार न्याय्य आहे. दोष नवऱ्याचा असेल, तर त्याने बायकोकडून मोबदला घेणं हनफी पंथाच्या धर्मशास्त्र्यांनीही नापसंतच ठरवलं आहे. तुमच्या बहिणीच्या बाबतीत खोट आहे आणि ती मोजता येते: सात तोळे, आणि तीन वर्षांहून जास्त काळ शून्य खर्च. शिवाय तिचा मेहेर तर उधारच होता. जो कधी हातात पडलाच नाही, तो परत काय करायचा?

म्हणून माझ्याकडे कोणी "खुला हवाय" म्हणत आलं, की मी आधी विचारते, हा शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आला? कागदावर तो बायकोचा असतो. प्रत्यक्षात दहातल्या पाच-सहा वेळा तो नवऱ्याच्या घरातून सुटलेला असतो. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो प्रकरणात एका दमातला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. चांगलंच झालं. याच महाराष्ट्रात १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायका हमीद दलवाईंच्या पुढाकाराने विधान भवनावर हीच मागणी घेऊन चालत गेल्या होत्या, तेव्हा त्यांच्यावर किती चिखल उडाला होता. पण कायदा आला की त्याच्या कडेने वाटही पडते. तलाक दिला तर मेहेर द्या, इद्दतचा खर्च द्या, चुकून तीनदा बोललात तर पोलीस. त्यापेक्षा बायकोला इतकं कावून सोडायचं की तीच म्हणेल, मला खुला द्या. मग मेहेरही सुटला, पोलीसही नाहीत, आणि मोहल्ल्यात "तिनेच सोडलं" हे बोलायला मोकळे. लॉकडाऊननंतर हा प्रकार मी जास्त पाहिला, कारण हातात पैसा नसलेल्या माणसाला ७५ हजारांची उधारी फार टोचते.

आता मौलानांचा मोबाइल. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण त्यांना वाटतं तशा अर्थाने नाही. एका बाईचं पासबुक मला आठवतं, भिवंडीच्या बाजूची होती. नवरा यंत्रमागावर. मार्च २०२० मध्ये माग बंद पडले. एप्रिल, मे, जून असे तीन महिने सरकारने महिलांच्या जनधन खात्यांत पाचशे-पाचशे रुपये टाकले होते. तिच्या पासबुकात त्या तिन्ही नोंदी होत्या, आणि प्रत्येकीच्या खाली दुसऱ्याच दिवशी एटीएममधून पाचशे काढल्याची नोंद. कार्ड नवऱ्याकडे. तिला त्याने सांगितलं होतं, आपलं नाव यादीत बसलं नाही. दीड वर्षाने तिने पासबुक भरून आणलं तेव्हा तिला कळलं. दीड हजार रुपये! मारहाण तिने सात वर्षं सोसली होती. ती घराबाहेर पडली या दीड हजारामुळे. यात मोबाइल कुठे आला? एवढाच, की बँकेत जाऊन पासबुक भरून आण असं तिला मोबाइलवर बहिणीने सांगितलं.

कोकणात गोष्ट वेगळी होती. तुमच्याकडचे कितीतरी संसार वर्षातून दीड-दोन महिन्यांच्या सुट्टीवर चालायचे. नवरा यायचा तो अत्तर, चॉकलेट, ब्लँकेट घेऊन पाहुण्यासारखा, आणि पाहुण्यासारखीच त्याची बडदास्त. दहा वर्षं लग्नाला झाली तरी एका छपराखाली राहिल्याचे दिवस मोजले तर दीड-दोन वर्षं भरत नाहीत. मे २०२० पासून परतीची विमानं सुटली आणि ही माणसं नोकरी गमावून, कर्ज डोक्यावर घेऊन, कायमची घरी आली. घर, बाजार, शाळा, सासूचं औषध हे सगळं सांभाळणाऱ्या बाईला एकदम विचारणारा माणूस आला: कुठे गेली होतीस, कोणाशी बोलत होतीस, पैसे कुठे गेले. काही जोडपी यातून नव्याने जुळलीही; माझ्या नात्यातच एक आहे. जी जुळली नाहीत त्यांचं भांडण साथीने लावलं नव्हतं. सुट्टी संपली की ते मिटल्यासारखं दिसायचं. या वेळी सुट्टीच संपली नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, संमतीचा. पारंपरिक हनफी मत, आणि कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे असल्याने तुमच्याकडचं शाफई मतही, खुल्याला दोघांमधला करार मानतं. नवऱ्याने स्वीकारला की तो पुरा होतो. जमात त्या आधारावर बोलते, त्यांना खोटं म्हणू नका. पण अलीकडे उच्च न्यायालयांनी वेगळं म्हटलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे साथीच्या ऐन भरात, स्वतःचाच १९७२ चा जुना निकाल बाजूला सारला. कोर्टाबाहेर खुला घेण्याचा हक्क मुस्लिम स्त्रीला आहे, असं सांगितलं आणि त्याच्या तीन पायऱ्या घालून दिल्या: तिने विच्छेदाची घोषणा करावी, मेहेर किंवा मिळालेला लाभ परत करण्याची तयारी दाखवावी, आणि घोषणेआधी समेटाचा खरा प्रयत्न झालेला असावा. २०२२ मध्ये फेरविचार अर्ज फेटाळताना, हा हक्क नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही हे पुन्हा बजावलं. तेलंगणा उच्च न्यायालयही जून २०२५ मध्ये त्याच बाजूने गेलं: नवरा नाही म्हणाला म्हणून खुला अडत नाही, आणि मुफ्तीच्या खुलानाम्यावाचूनही तो अडत नाही. उलट मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका खासगी शरियत कौन्सिलने दिलेलं खुल्याचं प्रमाणपत्र रद्द केलं आणि बाईला कुटुंब न्यायालयात जायला सांगितलं.

वरवर हे निकाल एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण एका जागी ते जुळतात. खुला घेणं तिच्या हातात आहे. 'झाला' हे जगाला मान्य होईल असं सांगणं मात्र न्यायालयाच्या हातात. दारुल कझा, म्हणजे शरियतप्रमाणे तंटे ऐकणारी संस्था, किंवा जमात सल्ला देऊ शकते, समेट घडवू शकते. त्यांचा निर्णय कायद्याने कोणावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच विश्वलोचन मदन प्रकरणात सांगून टाकलं आहे.

हा फरक बायकांना महागात पडतो. मुस्लिम पुरुषाला दुसरं लग्न करता येतं, म्हणून पहिलं लग्न मोडलं की नाही याने त्याचं फारसं अडत नाही. बाईचं अडतं. पहिलं लग्न कायद्याने उभं असताना तिने दुसरा निकाह केला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे. फक्त जमातीचा खुलानामा हातात घेऊन तीन वर्षांनी दुसरं लग्न केलेली एक बाई माझ्याकडे आली होती. पहिला नवरा उठला आणि म्हणाला, मी तर खुला कबूलच केला नव्हता. तोंडी त्याने तो केला होता, आठ माणसांसमोर. त्या आठांतले सहा त्याच्या घरचे निघाले.

आणि हे केरळचे, तेलंगणाचे निकाल महाराष्ट्रातल्या न्यायाधीशांवर बंधनकारक नाहीत. वकील ते पुढे ठेवतात, न्यायाधीश वाचतात, बहुधा मानतात. पण तुमच्या बहिणीचं सगळं भवितव्य मी त्या 'बहुधा'वर ठेवणार नाही, कारण तिच्याकडे खुल्यापेक्षा पक्का रस्ता आहे.

तो रस्ता म्हणजे मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम, १९३९. आपल्याकडे साध्या बोलीत त्याला फस्ख म्हणतात. न्यायाधीश लग्न मोडतो, नवऱ्याला विचारून नाही, त्याच्या कसुरीवरून. हा कायदा कसा आला ते तुमच्या अब्बांना जरूर सांगा, कारण कोर्टात जाणं म्हणजे दीन, म्हणजे धर्म, सोडणं असं त्यांना वाटत असणार. तेव्हाच्या हनफी व्यवहारात बाईला काझीकडून सुटका मिळणं जवळजवळ अशक्य होतं; नवरा बेपत्ता झाला तर त्याचं वय नव्वद होईपर्यंत थांबा, इथवर मजल. पंजाबात बायका लग्नातून सुटण्यासाठी धर्म सोडू लागल्या, कारण धर्म सोडला की लग्न आपोआप मोडतं असं न्यायालयं मानत. त्याने उलेमा, म्हणजे धर्मपंडित, हादरले. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनीच मालिकी पंथाच्या मताचा आधार घेऊन बायकांसाठी वाट काढली. मग मुहम्मद अहमद काझमी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं. सरकारने वरून लादलेला हा कायदा नव्हे. उलेमांच्या घरात तो रांधला गेला.

त्याच्या कलम २ मध्ये कारणं दिली आहेत. चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसणं, सात वर्षांची कैद, नपुंसकत्व वगैरे तुमच्या कामाची नाहीत. कामाची तीन. दोन वर्षं खर्च दिला नाही. तीन वर्षं सबळ कारणाशिवाय वैवाहिक कर्तव्यं पाळली नाहीत. आणि क्रूरता. या क्रूरतेच्या पोटात एक ओळ आहे, जी वकीलही घाईत ओलांडून जातात: बायकोची मालमत्ता विकून टाकणं किंवा तिच्या मालमत्तेवरचा हक्क तिला बजावू न देणं. पाटल्या-बांगड्या न विचारता गहाण टाकल्या ना? ते भांडणाचं नुसतं निमित्त नव्हे, कायद्यात लिहिलेलं कारण आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये सोनं दहा ग्रॅमला ५५ हजारांच्या पुढे गेलं होतं. त्या वर्षी किती घरांतलं बायकांचं सोनं गोल्ड लोनच्या काउंटरवर गेलं असेल. ते नवऱ्याने नेलं, पावतीवर सही नवऱ्याची. ती पावती शोधा. सापडली नाही तरी कर्ज कुठल्या शाखेतून काढलं ते कळलं, तर कागद न्यायालयामार्फत मागवता येतो.

खर्चाच्या मुद्द्यावर नवरा काय म्हणेल तेही सांगते, कारण साथीनंतरच्या प्रत्येक दाव्यात हेच उत्तर येतं: "कोविडमध्ये माझी नोकरी गेली, देणार कुठून?" ऐकताना माणूस विरघळतो, आणि काही वेळा ते खरंही असतं. पण कायद्याचे शब्द दोन आहेत: 'हेळसांड केली' किंवा 'देऊ शकला नाही'. पहिल्यात कसूर लागते, दुसऱ्यात लागत नाही. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळ उच्च न्यायालयात असताना त्यांनी १९७० मध्ये युसुफ रौथर प्रकरणात हाच अर्थ लावला होता: खर्च दोन वर्षं मिळाला नाही, ही वस्तुस्थिती पुरे, का मिळाला नाही आणि बायको कुठे राहत होती, हे गौण. सगळ्या उच्च न्यायालयांनी हा अर्थ उचललेला नाही. बायकोने विनाकारण घर सोडलं असेल तर खर्चाचा हक्क उरत नाही, असं सांगणारे निकालही आहेत. म्हणून ती घराबाहेर का पडली, याचा पुरावा खर्चाच्या पुराव्याइतकाच जपायचा. मारहाणीनंतरचा डॉक्टरांचा केसपेपर, पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंद, तुम्हाला रात्री केलेला फोन, शेजारच्या चाचींची साक्ष, मिळेल ते. व्हॉट्सअॅपवरचे निरोप नुसते छापून चालत नाहीत, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. फोन बदलला असेल तर जुना विकू नका.

आणि साथ संपून किती काळ झाला? बहीण फेब्रुवारी २०२२ ला निघाली. त्यानंतर गाड्या, बाजार, विमानं सगळं सुरू झालं. तेव्हापासून त्याने काय कमावलं? सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश वि. नेहा निकालापासून पोटगीच्या अर्जात दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. "बेकार आहे" म्हणणाऱ्या माणसाच्या खात्यावर दुचाकीचा हप्ता दिसला की न्यायाधीशांच्या भुवया वर जातातच.

फस्खचा सगळ्यात मोठा फायदा त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. विच्छेद झाला तरी मेहेरच्या हक्काला धक्का लागत नाही. म्हणजे ज्या ७५ हजारांवर खुल्यात पाणी सोडावं लागतं, ते इथे शाबूत राहतात. रक्कम लहान वाटेल. तुमच्या बहिणीला वाटणार नाही.

दागिन्यांचं वेगळं बघा. माहेरहून आलेलं सोनं हा मेहेर नव्हे. खुला घेतला तरी ते सोडण्याचं काही कारण नाही. मेव्हण्यांनी दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळलं आहे, आणि ते त्यांना न कळता झालेलं नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करायचा आदेश देऊ शकतात, आणि तो अर्ज तुमच्या गावाला ज्यांचं न्यायालय लागतं तिथेच करता येतो, सासरच्या गावी खेटे नकोत.

मुलीच्या खर्चाची ओळ तर मी फाडूनच टाकते. तो हक्क मुलीचा आहे. आई तो माफ करू शकत नाही, केला तरी न्यायालय मानत नाही. ताबा कोणाकडे, यावर मौलाना आपापल्या पंथाप्रमाणे वयं सांगतील. न्यायालय शेवटी मुलीचं हित पाहतं. जी मुलगी इतकी वर्षं आईजवळ राहून तिथल्याच शाळेत शिकते, तिला तिथून उचलायला मोठं कारण लागेल. ताब्याची भीती घालून सही घेणं ही जुनी युक्ती आहे.

बहिणीच्या स्वतःच्या पोटगीबद्दल: विच्छेद बायकोने मिळवला म्हणून तिचा हक्क जातो, असं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, म्हणजे जुन्या कलम १२५ मध्ये, 'पत्नी'च्या व्याख्येत नवऱ्याकडून विच्छेद मिळवलेली आणि पुन्हा लग्न न केलेली बाईही येते. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिम घटस्फोटितेला हा मार्ग खुला आहे हे पुन्हा स्पष्ट केलं. हंगामी पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली निघावा, असं कायदा म्हणतो. त्या 'शक्यतो'वर आम्हा वकिलांची घरं चालतात, असा एक विनोद आहे. पण दाखल केल्या तारखेपासून पोटगी मोजली जाते, म्हणून उशीर करू नका.

माझा सल्ला असा. कुटुंब न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर दिवाणी न्यायालयात १९३९ च्या कायद्याखाली दावा टाका. त्यातच पर्यायी मागणी ठेवा, की तिने अमुक तारखेला खुल्याची घोषणा केली असून विवाह संपल्याचं जाहीर करावं. पण ही घोषणा वकिलाशी बोलल्याशिवाय करू नका. आधी खुला झाला असं ठासून म्हटलं, तर नवऱ्याचा वकील म्हणेल, मग मोडायला लग्न उरलंच कुठे, आणि मेहेर तर तुम्हीच सोडलात. दोन्ही पाय कुठे ठेवायचे ते दाव्याच्या मसुद्यात ठरतं. पोटगी आणि हिंसाचाराचे अर्ज वेगळे, पण एकाच आठवड्यात. पैशाची काळजी नको. महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेप्रमाणे घटस्फोट, पोटगीच्या कामात बायकांना कोर्ट फी माफ आहे. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न न विचारता.

कोर्टाला वर्ष-दोन वर्षं लागतील, कधी जास्त. अब्बांना हेच नको आहे, मला कळतं. खरोखर लवकर सुटायचं असेल आणि नवराही तयार असेल, तर मुबारत करा, म्हणजे दोघांच्या संमतीचा विच्छेद. त्यात मोबदला बायकोनेच द्यायचा असा नेम नाही. मेहेर, सोनं, मुलीचा दरमहा खर्च आकड्यांनी लिहा आणि तो करारनामा कुटुंब न्यायालयापुढे ठेवून विवाह संपल्याचा हुकूम घ्या. दावा दाखल झाला की असे बरेच नवरे मुबारतीला येतात. दाव्याआधी येत नाहीत.

जमातीला टाळायचं कारण नाही. उलट सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडचा एकेक माणूस घेऊन एक बैठक बसवा आणि तिची तारीख, उपस्थितांची नावं लिहून ठेवा. समेटाचा प्रयत्न झाला हे पुढे न्यायालयातही दाखवावं लागेल. बैठकीत बहिणीला स्वतः बोलू द्या. तुम्हीही नाही, अब्बाही नाही.

घरात अजून कोणाचं लग्न व्हायचं असेल तर जाता जाता एक. निकाहनाम्यात शर्तींचा रकाना असतो. नवऱ्याने अमुक महिने खर्च दिला नाही, मारहाण केली, तर बायकोला स्वतःवर तलाक घेण्याचा अधिकार राहील, असं तिथे लिहिता येतं. याला तलाक-ए-तफवीझ म्हणतात आणि न्यायालयं तो मानत आली आहेत. माझ्या निकाहनाम्यात त्या रकान्यावर मामूंनी आडवी रेघ मारली होती, अपशकुन नको म्हणून.

पहिल्या भेटीला बहिणीला घेऊन या, नुसते तुम्ही येऊ नका. सोबत निकाहनामा, तिचं आणि मुलीचं आधार, २०१९ पासूनचं भरलेलं पासबुक, मुलीच्या शाळेच्या पावत्या, लग्नातले दागिने दिसणारे फोटो, आणि मेव्हण्यांनी दिलेला तो कागद. फाडून टाकला नसेल तर फार बरं. ७५ हजार देणं आहे हे त्यांनी स्वतःच त्यात लिहून दिलं आहे.